शेरूने उंदराचं औषध खाल्लं, तरी सकाळी खेळतोय. मग धोका टळला का?

जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांचा, साधारण 28 किलोचा लॅब्रॅडॉर, नाव शेरू. काल संध्याकाळी सातच्या सुमारास त्याने मागच्या खोलीत उंदरांसाठी ठेवलेलं औषध खाल्लं. किती खाल्लं ते कुणी पाहिलं नाही, फक्त फाटलेला पुडा सापडला. शेजारच्या काकांनी मिठाचं पाणी पाजलं, दोन-तीन उलट्या झाल्या. मग दूध पाजलं, रात्री त्याने चिकन-भातही खाल्ला. आज सकाळी चेंडू तोंडात घेऊन दारात उभा आहे. "आता धोका टळला म्हणायचं, की दवाखान्यात न्यावंच लागेल?"

न्या. आजच न्या आणि तो फाटलेला पुडा कचऱ्यात गेला असेल तर शोधून बरोबर घ्या. दोन्हींत आधी काय करू असं विचाराल तर मी म्हणेन, आधी पुडा शोधा. शेरू कसा दिसतोय यापेक्षा त्यावर काय छापलंय ते मला जास्त कामाचं आहे.

उंदराचं औषध म्हणून आपल्याकडे किराणा दुकानात, कृषी सेवा केंद्रात आणि आठवडी बाजारात जे मिळतं ते एकच औषध नव्हे. मला मुख्यतः तीन प्रकार भेटतात. तिघांची काम करायची पद्धत वेगळी आणि घड्याळही वेगळं.

पहिलं झिंक फॉस्फाईड. काळपट-राखाडी भुकटी असते. ती ज्वारीच्या भरड्यात किंवा पिठात थोडं तेल घालून कालवून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तोच मारतो. याला वेळ लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांपासून चार-सहा तासांत उलट्या, धाप, अस्वस्थपणा, झटके असं काही ना काही दिसतंच, क्वचित त्याहून थोडा उशीर. शेरूने रात्र शांतपणे काढली आणि सकाळी तो खेळतोय, म्हणजे हे नसावं, किंवा असलं तरी पोटात फारसं राहिलं नसावं. पुढचे दोन-तीन दिवस यकृतावर लक्ष ठेवावं लागेल, पण सगळ्यात घाईचा धोका मागे पडला असं मी म्हणेन.

त्याच्या खेळण्यावरून एवढंच कळतं. उरलेल्या दोन्ही प्रकारांत कुत्रं सुरुवातीला असंच मजेत असतं.

दुसरा प्रकार ब्रोमाडिओलोन. वडीसारखे छोटे केक मिळतात ते बहुधा हेच असतं. रक्त गोठायला जे घटक लागतात ते तयार करण्यासाठी यकृताला जीवनसत्त्व के लागतं आणि हे औषध तेच चक्र बंद पाडतं. पण रक्तात आधी तयार झालेल्या घटकांचा साठा असतोच. तो दोन-तीन दिवस पुरतो, तोवर बाहेरून काहीही कळत नाही. साठा संपला की रक्तस्राव सुरू होतो आणि तोही दिसेल अशा ठिकाणीच होईल असं नाही. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं तर मालक धावत येतो. छातीत रक्त साचलं तर कुत्रं फक्त मलूल होतं, खोकतं, जिना चढत नाही. घरचे म्हणतात, उन्हाचा त्रास झाला असेल. सांध्यात साचलं तर लंगडतं. माझ्याकडे अशी कुत्री बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतात आणि "पाय मुरगळलाय वाटतं" असं सांगून येतात.

इथे हिशेब करून दाखवते, कारण सगळं कशावर अवलंबून आहे ते त्यातून कळेल. तयार केकमध्ये ब्रोमाडिओलोनचं प्रमाण 0.005 टक्के असतं. म्हणजे 20 ग्रॅमच्या केकमध्ये 1 मिलिग्रॅम. शेरूच्या 28 किलो वजनाला ते फार थोडं आहे. एवढ्याशा एका केकने असं मोठं कुत्रं दगावणं कठीण. तोच केक 3 किलोच्या पॉमेरेनियनने खाल्ला तर किलोमागे नऊपट पडतो. आणि हेच औषध 0.25 टक्के तीव्रतेच्या पुडीतही मिळतं, ती धान्यात कालवून वापरायची असते. ती केकच्या पन्नासपट तीव्र. आता सांगा, फाटलेला पुडा न बघता कुणी "काही होत नाही हो" कसं म्हणायचं? शिवाय हे औषध यकृतात साठून राहतं. मागच्या खोलीत ते महिनाभर पडून असेल आणि शेरू अधूनमधून तिकडे जात असेल, तर कालचा डोस पहिलाच होता का, हेही विचारावं लागेल.

यातली चांगली बाजू अशी की याला खात्रीचा उतारा आहे, जीवनसत्त्व के-1. वेळेवर सुरू केला तर कुत्रं आजारीच पडत नाही. पण तीन ते चार आठवडे रोज द्यावा लागतो आणि लोक इथेच चुकतात. आठ दिवसांनी कुत्रं छान दिसतं, गोळ्या बंद होतात आणि मग रक्तस्राव सुरू होतो, कारण औषध अजून यकृतात असतं. आणखी एक गोष्ट लेबलवर स्वतः वाचा: फायटोमेनाडिओन म्हणजे के-1, ते हवं. नुसतं मेनाडिओन म्हणजे के-3. मेडिकलवाला "के व्हिटॅमिनच आहे" म्हणून के-3 देईल, पण या विषबाधेत त्याचा उपयोग होत नाही. के-1ची गोळी थोड्या तेलकट खाण्याबरोबर द्यायची, म्हणजे नीट शोषली जाते.

तिसरा प्रकार मला सगळ्यात नकोसा: पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. ट्यूबमध्ये येते, पोळीच्या किंवा टोमॅटोच्या तुकड्याला लावून ठेवतात. उलटीला लसणासारखा वास येतो, कधी त्यातून धूरही निघताना दिसतो. पहिल्या दिवशी पोट बिघडतं, मग एक-दोन दिवस कुत्रं सुधारल्यासारखं वाटतं, खातं-पितं, आणि त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं. याला थेट उतारा नाही. जे काही करायचं ते आधारासाठी, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. काल उलटी झाली तेव्हा कुणाला वास आला होता का, ते घरात सगळ्यांना विचारा, लहान मुलांनाही. मुलांच्या लक्षात अशा गोष्टी जास्त राहतात.

आता काकांचं मिठाचं पाणी. काकांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण ही रीत घरोघरी चालत आलेली आहे. पण कृपा करून ती इथेच थांबवा. कुत्र्याला मिठाच्या पाण्याने उलटी होईलच याची खात्री नसते. नाही झाली तर सगळं मीठ अंगात जातं, रक्तातलं सोडियम वाढतं, मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. मिठाने मेलेली कुत्री असतात, आणि कधीकधी मूळ खाल्लेली वस्तू निरुपद्रवी निघते. शेरूच्या बाबतीत उलटी झाली आणि इतके तास उलटले, त्यामुळे मिठाची काळजी मी आता करणार नाही. पाण्याचं भांडं भरलेलं राहू द्या.

उलटी झाली म्हणजे पोट साफ झालं, हाही गैरसमज आहे. दवाखान्यात योग्य औषधाने करवलेल्या उलटीतही बऱ्याचदा निम्मा माल आतच राहतो. आणि उलटी करवण्यात अर्थ असतो तो पहिल्या एक-दोन तासांत. आज शेरूला आणलंत तर मी उलटी करवणार नाही, ती वेळ गेली.

दुधाबद्दल लोक मला नेहमी विचारतात. दूध विष मारत नाही. फॉस्फरसच्या पेस्टमध्ये तर दूध, तूप, तेल यांनी विष आणखी शोषलं जाऊ शकतं. झिंक फॉस्फाईडमध्ये कुठलंही खाणं पोटात गेलं की आम्ल वाढतं आणि वायू जास्त सुटतो. म्हणून नक्की काय खाल्लंय ते कळेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, असा सरळ नियम ठेवा. कोळशाची पूड दवाखान्यात आम्हीही देतो, पण ती खास बनवलेली असते. चुलीतला कोळसा कुटून तोंडात कोंबू नका.

मग पहिल्या तासात करायचं काय? कुत्र्याला तिथून बाजूला घ्या, तोंडात उरलेलं काढता आलं तर काढा, पाकिटाचा फोटो काढा आणि डॉक्टरांना फोन लावा. मी फोनवर विचारते ते एवढंच: काय खाल्लं, जास्तीत जास्त किती खाल्लं असू शकेल, कधी, आणि वजन किती. "किती"चं उत्तर देताना मालक नेहमी कमीत कमी अंदाज सांगतात, स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी. तुम्ही जास्तीत जास्त सांगा. पाकिटात दहा केक होते आणि सात उरलेत, तर तीन खाल्ले असं धरा, उंदराने किती नेले असतील त्याची वजाबाकी करू नका. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. ॲसिड, टॉयलेट क्लीनर, रॉकेल, टर्पेंटाईन असं काही प्यालं असेल तर उलटी करवायचीच नाही, ते वर येताना पुन्हा भाजतं किंवा फुफ्फुसात जातं. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका. इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साईड पाजायचा सल्ला सापडेल; तो 3 टक्क्यांच्या द्रावणाबद्दल असतो, आपल्या मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा 6 टक्क्यांचं. तेव्हा तेही नको. आणि झिंक फॉस्फाईडचा संशय असेल तर गाडीच्या काचा उघड्या ठेवून या. वाटेत उलटी झाली तर तो वायू तुमच्याही नाकात जातो.

सोलापुरात या प्रश्नाला काही आपल्या खास छटा आहेत, त्या कुठल्याही इंग्रजी यादीत सापडणार नाहीत.

विडी घरकुलच्या बाजूने माझ्याकडे एक गावठी पिल्लू आणलं होतं, जेमतेम चार किलोचं. विड्या वळणाऱ्या घरच्या बाईंच्या मांडीवरच्या सुपातला ओलसर तंबाखू त्याने खाल्ला होता. मिशांना तंबाखूचे कण चिकटलेले, तपकिरी लाळ टेबलावर सांडलेली, पुढचे पाय ताठ आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. हे सगळं अर्ध्या तासात. त्या बाईंनी घरात होतं ते ॲसिडिटीचं गुलाबी औषध पाजलं होतं, पोटाला थंडावा मिळेल म्हणून. निकोटिनमध्ये नेमकं तेच नको असतं, कारण पोटातलं आम्ल निकोटिनचं शोषण कमी करतं आणि आपण ते आम्लच घालवतो. नशिबाने पिल्लाने वाटेतच भरपूर ओकलं होतं. सलाईन आणि झटक्यांची औषधं देऊन संध्याकाळपर्यंत ते उभं राहिलं. ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथे सूप जमिनीवर ठेवून उठायचं नाही, मोजणीला जाताना तर नाहीच.

दुसरी आपल्याकडची गोष्ट द्राक्षं आणि बेदाणे. पंढरपूर, कासेगावकडे बेदाण्याच्या शेड आहेत, सोलापुरात घरोघरी डबे भरलेले असतात. "चार बेदाण्यांनी काय होतंय" हे मी इतक्यांदा ऐकलंय. होतं काय, की काही कुत्र्यांना मूठभर खाऊनही काहीच होत नाही आणि काहींची मूत्रपिंडं थोड्याशानेच निकामी होतात. वर्षानुवर्षं याचं कारणच कळत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण द्राक्षात ते कमी-जास्त असतं, म्हणून डोसचा मेळ लागत नव्हता. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. त्यामुळे उन्हाळ्यात अंगणात फोडायला पसरलेल्या चिंचेच्या ढिगाजवळ कुत्रं मोकळं सोडू नका. द्राक्षं, बेदाणे, चिंच खाल्ल्याचं लगेच कळलं तर लगेच आणा. एक-दोन दिवसांनी लघवी कमी झाल्यावर आणलं तर हातात फार थोडं उरतं.

डाळिंबाच्या बागेत फवारणीच्या बादलीत तोंड घातलेली कुत्रीही येतात. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हगवण, अंगाला कंप. ही कीटकनाशकं अंगावरूनही शोषली जातात, म्हणून हातमोजे घालून साबणाने धुवा आणि निघा. तासभराचा रस्ता असेल तर निघण्याआधी जवळच्या पशुवैद्यकाला फोन करून ॲट्रोपिन, म्हणजे यावरचं उताऱ्याचं औषध, आहे का विचारा. बाटली बरोबर आणा. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर ते सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. उताऱ्याचं नावही त्याच लेबलवर छापलेलं असतं.

आणि सूत. यंत्रमागाच्या कारखान्यांभोवती वाढलेली कुत्री धागा, चिंध्या, टॉवेलच्या दशा गिळतात. हे विष नव्हे, पण जिभेखाली किंवा शेपटीखाली लोंबणारा धागा दिसला तर ओढायचा नाही. आतली दुसरी बाजू कुठे अडकली असेल तर आतडं चिरत जातं. दिसतोय तेवढा राहू द्या आणि या.

चॉकलेट, कांदा, शुगर-फ्री गोळ्या यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, ते खरंही आहे. गडद चॉकलेट आणि झायलिटॉल (शुगर-फ्री वस्तूंत साखरेऐवजी घालतात ते) असलेली कुठलीही वस्तू यांत वेळ दवडू नका. शेंगा चटणी चाटली म्हणून मात्र कुणी घाबरून येतं, तेव्हा मी सांगते की दोन दिवस हगवण होईल, पाणी द्या. त्यात लसूण असतो हे खरं, पण चमचाभर चटणीतला लसूण मोठ्या कुत्र्याला बाधायला पुरत नाही.

शेरूकडे परत येते. पुडा ब्रोमाडिओलोनचा निघाला तर दोन रस्ते आहेत. एक, लगेच के-1 सुरू करणं. दुसरा, खाल्ल्यापासून 48 ते 72 तासांनी रक्त गोठण्याची प्रोथ्रोम्बिन टाइम ही चाचणी करणं आणि वेळ वाढलेली आली तरच औषध देणं. प्रमाण कमी असल्याची खात्री असेल आणि मालक नक्की परत येणारा असेल तर मी दुसरा निवडते. तुम्हाला किती खाल्लं तेच माहीत नाही, म्हणून मी पहिल्याकडे झुकेन. चाचणी माणसांच्या लॅबमध्ये होते, पण काही लॅब कुत्र्याचा नमुना म्हटलं की नाही म्हणतात, तेव्हा डॉक्टरांमार्फतच पाठवा. फॉस्फरसची शंका असेल तर आज आणि परवा यकृताच्या तपासण्या. पुडा सापडलाच नाही तर दुकानदाराला विचारा, नाहीतर दोन्ही शक्यता धरून चालावं लागेल आणि ते खर्चिक पडेल, हे आधीच सांगून ठेवते.

निकाल येईपर्यंत त्याला उड्या मारू देऊ नका, चेंडू काढून घ्या. अंगदुखीची कुठलीही गोळी देऊ नका. दर काही तासांनी ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी असाव्यात. फिकट वाटल्या, त्यावर लाल ठिपके दिसले, शी काळी झाली, किंवा तो नुसता पडून राहायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

मागच्या खोलीतलं उरलेलं सगळं औषध आजच गोळा करा, कपाटामागे ढकललेलं धरून. मेलेले उंदीरही उचला, शेरू तेही खाईल. उंदरांसाठी पुन्हा काही ठेवायचंच असेल तर पिंजरा लावा. तो रोज रिकामा करायचा वैताग आहे, मान्य आहे. माझ्या दवाखान्याच्या मागे मीही तोच लावते.